कुणीच न थांबणारा घाट

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका घाटात चला. तो तुम्ही पाहिलेला नाही, कारण तिथला रस्ता अजून व्हायचा आहे. गाड्या विजेवर धावतात, त्यामुळे घरघर नाही, फक्त चाकांची सरसर. डावीकडे कडा, उजवीकडे दरी. आता नीट बघा. एकही गाडी वेगमर्यादा ओलांडत नाही, आणि पोलीस मात्र कुठेच दिसत नाही. पडलात ना कोड्यात? मग आधी एका प्रयोगशाळेत जाऊ.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर कोळवड घाटाचा नकाशा उजळला होता. त्याच्यासमोर डॉ. हेमांगी सोवनी उभी होती. वेगमापन हा तिचा विषय. शेजारी वाहतूक पोलिसांतले निरीक्षक इक्बाल तांबोळी होते. त्यांची निम्मी नोकरी याच घाटात उन्हातान्हात गेली होती. कोपऱ्यातल्या उंच खुर्चीत हेमांगीची मुलगी ऋता पाय हलवत बसली होती. सुट्टीत तिला दुसरीकडे ठेवणार कुठे? घरात दोघीच.

"तुम्ही वळणावर उभे असता तेव्हा काय होतं, तांबोळीसाहेब?" हेमांगीनं विचारलं.

"गाड्या हळू होतात की."

"आणि तुम्हाला ओलांडून गेल्यावर?"

तांबोळी हसले. "पुन्हा सुसाट! शिवाय समोरून येणारा ट्रकवाला दिवे मारून सगळ्यांना सांगतोच, पुढे मामा उभा आहे म्हणून."

"तेच तर! दिसणारा पोलीस दिसतो तेवढ्यापुरताच. पण तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसेल, तर तो कुठेही असू शकतो. मग माणूस सगळीकडेच जपून चालवतो."

तिनं नकाशावर बोट ठेवलं. घाटात छद्मप्रहरी बसवायचे होते. छद्मप्रहरी म्हणजे वेष पालटलेला पहारेकरी. कुणी मैलाचा दगड, कुणी झुडूप, कुणी रसाची गाडी. काही तर चक्क बंद पडलेली मोटार, आणि तिच्याशेजारी हात हलवणारी बाईची आणि मुलाची यांत्रिक बाहुली. आत एकच यंत्र, वेगवेधी. तो चाकांचा वेग मोजणार आणि रस्त्यात विनापरवाना थांबलेली गाडी टिपणार. माणसांकडे तो बघणारच नाही. उगाच कुणाच्या खासगी गोष्टींत डोकावायचं नाही, असं हेमांगीनं ठरवलं होतं. आणि चालकांनी एकमेकांना जागा कळवू नयेत म्हणून घाटात फोन बंद.

"कुणाला मदत लागली तर?" तांबोळींनी विचारलं.

"घाटातून इतक्या गाड्या जातात. कुणीतरी थांबेलच, चौकीपर्यंत निरोप नेईल."

"हं." तांबोळींनी नकाशावरची वळणं न्याहाळली. "म्हणजे दिवे मारणंही बंद होणार."

"व्हायलाच हवं."

"ते खरं. पण ओळख ना देख, तरी माणूस माणसाला काहीतरी सांगत होता, मॅडम. लबाडीची का होईना, सोबत होती."

"लबाडीची सोबत कशाला हवी?" हेमांगी म्हणाली, आणि ऋता खुदकन हसली.

प्रयोग यशस्वी झाला. घाटात दगड, झुडपं, अगदी हात हलवणाऱ्या बाहुल्याही पहारा देतात हे सगळ्यांना कळलं होतं, कुठे ते मात्र कुणालाच नाही. घाटातले अपघात जवळजवळ थांबले, आणि ही गोष्ट लहान नव्हे, मुलांनो. कितीतरी माणसं संध्याकाळी आपापल्या घरी पोचू लागली. फक्त घाट मुका झाला. चालक समोर नजर लावून, ओठ मिटून जात. कडेला काहीही दिसलं की वेग आणखी कमी करत आणि मान न वळवता पुढे सरकत.

वैशाखातल्या एका दुपारी हेमांगी एक छद्मप्रहरी तपासायला घाटात आली. ऋता बरोबर होतीच. कड्याला टेकवलेल्या नकली दगडाआड मधमाश्यांनी पोळं केलं होतं. हेमांगीनं दगड हलवला मात्र, माश्या तिच्या मानेला डसल्या. मधमाशीचं विष तिला मुळीच सोसत नसे. गाडीपर्यंत येतायेताच तिचा चेहरा सुजला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. ती चाकाला टेकून खाली बसली.

"औषध... चौकीत," ती कशीबशी म्हणाली. "कुणाला तरी थांबव."

ऋतानं आईची ओढणी घेतली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून जोरजोरात हलवली. एक गाडी आली. हळू झाली. आतल्या बाईनं ऋताकडे पाहिलं, घाईनं नजर फिरवली आणि ती निघून गेली. मागून आणखी एक. तिच्यात ऋताएवढाच मुलगा होता. तो अर्धवट उघड्या काचेला नाक लावून म्हणाला, "बाबा, ही बाहुली किती खरी वाटते ना!"

ऋता ओरडली, "मी खरी आहे!" पण तोवर काच वर गेली होती.

मग बस गेली, भाजीचा टेम्पो गेला. सगळे सावकाश, सगळे नियमात. गाड्यांनी भरलेल्या त्या रस्त्यावर मायलेकी दोघीच होत्या.

"आई, त्यांना वाटतंय आपण तुझ्या आहोत. तुझ्या बाहुल्या."

हेमांगीनं डोळे उघडले. तिला सगळं कळलं, पण बोलण्याएवढा श्वास उरला नव्हता.

ऋतानं ओढणी खाली टाकली. ती विचार करू लागली, तुम्ही गणित सोडवताना करता तसा. बाहुली हात हलवते. बाहुली ओरडतही असेल. मग आईची बाहुली काय कधीच करणार नाही? ती लपलेली असते, म्हणून ती कडेला असते. ती गाडीच्या वाटेत कधीच येणार नाही. आली तर लपलेली कसली?

वळणावरून एक मालट्रक येत होता. मर्यादेच्या आत, अगदी बेतानं. आईच्या यंत्रांच्या धाकानं तो इतका सावकाश होता, की लांबून दिसलेल्या माणसासाठी तो थांबू शकत होता.

ऋता रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं पंजा समोर धरला.

ब्रेक करकरले. ट्रक तिच्यापासून बराच अलीकडे थांबला. मागे एकेक करून सगळा घाट थांबला. चालक भरमूअण्णा दार उघडून खाली उतरला.

"ए पोरी! मरायचंय का तुला? हितं थांबलो म्हणून माझा परवाना जाईल, म्हाईत हाय?" तो जवळ आला आणि एकदम दबकला. त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "खरी... खरी हायस का गं तू?"

त्यानं भीत भीत एक बोट पुढे केलं.

ऋतानं ते बोट मुठीत घट्ट पकडलं आणि ती त्याला ओढत आईकडे धावत सुटली.