कडक भाकरीचा अपमान

हॉटेलच्या त्या काचेच्या दारावर ‘ओढा’ असं ठळक लिहिलेलं होतं. पण दानेश्वरी संतापलेली होती, आणि संतापलेलं माणूस दार ओढत नसतं, ढकलतं. तिनं दोन्ही तळवे काचेवर टेकवून जोर लावला. नेमका तेव्हाच आतून एक जण बाहेर यायला निघाला होता. त्यानंही काचेवर हात टेकले. ती आत ढकलतेय, तो बाहेर ढकलतोय... मध्ये काच, आणि काचेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांवर बरोबर बसलेले तळवे.

त्याच्या आधी लक्षात आलं. त्यानं हात काढले, हसू दाबलं आणि बोटानं ‘ओढा’ दाखवलं.

झालं. उरलासुरला तोलही गेला तिचा.

“सकाळच्या न्याहारीचं कोण बघतं इथं?” आत पाऊल टाकताच तिनं विचारलं.

“मीच. अमरेश.” त्यानं टाय सारखा केला. “बोला ना—”

“म्हणजे ते टायवाले काका तुम्हीच!”

“काका?” तो दचकला. “अजून तितका—”

“सोमवारी शाळेची पोरं आणली होती तुमच्याकडे. देशोदेशींची न्याहारी बघायला. त्यात माझी ऋतुजा होती. पहिलीतली, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. तिनं तुम्हाला काय विचारलं, आठवतं?”

त्यानं आठवून बघितलं. काही आठवेना, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. पोरीचं जग उलथंपालथं करून टाकायचं, आणि वर आठवतही नाही!

“तिनं विचारलं, आमची कडक भाकरी कुठल्या टेबलावर आहे? आणि तुम्ही हसून म्हणालात, ती न्याहारी नसते बाळ, ते उरलेलं असतं. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून माझी पोरगी डब्यावर हात धरून बसते. डबा जसा जातो तसा परत येतो. आजही आला. सकाळी नुसतं दूध पिऊन जाते, चार वाजता घरी येईपर्यंत तोंड असं झालेलं असतं...” तिचा आवाज कापायला लागला. तो कापू नये म्हणून तिनं आणखी चढवला. “मला माफीबिफी नकोय. आधी मला ती टेबलं दाखवा.”

आठवडाभर चालणारी ‘जगाची न्याहारी’ तिथंच मांडलेली होती. प्रत्येक टेबलावर एकेका देशाचा झेंडा. दानेश्वरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला होती. माल तपासायला आलेल्या गिऱ्हाइकासारखी ती एकेका टेबलापुढं उभी राहिली.

“हे काय?”

“स्वीडन. राय म्हणून धान्य असतं, त्याच्या पिठाची कुरकुरीत भाकरी... म्हणजे ब्रेड.”

“भाजलीय कधी?”

त्यानं पुडा उलटा करून बघितला आणि हळूच पुन्हा ठेवून दिला. “दिवाळीच्या आधी.”

“आणि हे?”

“मेक्सिको. मक्याच्या पोळ्यांचे तुकडे असतात, चटणीत परतलेले. चिलाकिलेस म्हणतात.”

“पोळ्या ताज्या?”

“...आदल्या दिवशीच्या.”

“म्हणजे कुस्करा! आणि हे कॉर्नफ्लेक्स तुम्ही सकाळी उठून भाजलेत वाटतं?” तिनं एक फ्लेक चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर नेला. “ह्यांचं कडक ते कुरकुरीत, ह्यांचं कालचं ते चिलाकिलेस. आणि आमची अव्वा, म्हणजे माझी आई, मंद आचेवर, एकेक भाकरी कागदासारखी पातळ थापून, मुद्दाम कडक करते, महिनाभर टिकते, ते उरलेलं? हुच्च!”

शेवटचा शब्द तिनं तोंडातल्या तोंडात म्हटला होता. पण तो हसला.

“हुच्च म्हणजे वेडा. कानडी कळतं मला. मी अक्कलकोटचा आहे.”

आणि इथं दानेश्वरीचा राग खरा उफाळला.

“अक्कलकोटचे? अहो, परक्या मुलखातलं कुणी बोललं असतं, तर अडाणी म्हणून सोडून दिलं असतं मी. तुम्ही कडक भाकरी खाऊन मोठे झालात की! तुमच्या तोंडातून निघालंच कसं?”

तो टेबलावरचा झेंडा उगाच सरळ करत राहिला.

“सवय झालीय,” तो म्हणाला. “बाहेर शिकलो, बाहेर नोकऱ्या केल्या. कुणी हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं... म्हणजे कमी लागतं.”

तिला वाटलं होतं तो वाद घालेल. वादाची सगळी तयारी होती तिची. ह्याची नव्हती.

“माझ्या पोरीला नका ती सवय लावू,” ती म्हणाली. आवाज आपोआप खाली आला होता.

“मंगळवारी सुट्टी असते मला. घरी येऊन सांगू तिला?”

दानेश्वरीनं त्याच्याकडे नीट बघितलं. नवऱ्यापासून वेगळी होऊन ती पोरीसह भवानी पेठेत आईकडे आली, तेव्हापासून कुणालाही दारात घेण्याआधी ती असंच बघायची. नखं स्वच्छ आहेत का, नजर कुठं जाते, बोलताना पाय हलतात का...

“सकाळी आठला या. माझी आई असते घरी,” ती म्हणाली, आणि दार ओढून... नाही, ढकलून बाहेर पडली.

*

मंगळवारी तो आला, पण माफीचा कार्यक्रम साफ पडला. ऋतुजा कॉटखाली जाऊन बसली. त्यानं फरशीवर मांडी घातली, वाकून म्हणाला, “ऋतुजा, माझं चुकलं. कडक भाकरी न्याहारीच असते.”

कॉटखालून आवाज आला, “तुम्हाला मम्मीनं सांगायला लावलंय.”

“नाही गं...”

“मग त्या दिवशी खोटं बोललात का आज?”

चुलीशी बसलेली नागव्वा, दानेश्वरीची आई, भाकरी थापता थापता खो खो हसली. “आलास का जाळ्यात, तम्मा, पोरा? हिच्या आईला उत्तर देता येत न्हाय कुणाला, ही तर तिची पोरगी हाय.”

“अव्वा, हसू नकोस!” दानेश्वरी करवादली. “आणि तुम्ही हो, एवढे देश पोटात घालून बसलात, एक पोरगी पटवता येईना?”

“एका दिवसात कुठली पटते?” तो म्हणाला, तेही कॉटखाली बघायच्या ऐवजी चुकून वर तिच्या आईकडे बघत. दानेश्वरीनं घाईघाईनं चहाचं आधण बघितलं. ते अजून गारच होतं.

मग तो दर मंगळवारी यायला लागला. येताना एकेका देशाची न्याहारी डब्यात घालून आणायचा. म्हणायचा, पोरीला आधी खायला तरी लागू दे, भाकरीचं मागनं बघू. ऋतुजा हळूहळू कॉटखालून बाहेर आली, मग पाटावर, मग त्याच्या शेजारी. नवा देश आला की चाखायची, नाक मुरडायची, हसायची.

आणि दर मंगळवारी दानेश्वरीचा नवा संताप.

“जपानी माणूस सकाळी उठल्या उठल्या आमटी-भात खातो? मग दुपारी काय करतो बिचारा?”

“पुन्हा आमटी-भात.”

“इंग्रजांनी घेवड्यात साखर घातलीय! दीडशे वर्षं ह्यांचं राज्य सोसलं आपण!”

“हॉलंडची पोरं पावावर चॉकलेटचे बडीशेपेएवढे दाणे टाकून खातात—”

“आणि आया बघत बसतात? दाताचे डॉक्टर पाळलेत का घरोघर?”

इजिप्तची ‘फूल’ नावाची न्याहारी मात्र नागव्वालाही आवडली. रात्रभर मंद शिजवलेला मोठा पावटा, वर तेल, लिंबू, जिरं. तिनं बोटानं चाटून बघितलं आणि जाहीर केलं, “ही तर आपली उसळ की रे! लई शिजवलीय तेवढी. तिकडं कुणी आपली पोरगी दिलीय का?”

हसता हसता अमरेशला ठसका लागला. दानेश्वरीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. बोटांना बोटं लागली... दोघांनीही तांब्या सोडला नाही, आणि दोघांनीही धरल्याचं दाखवलं नाही.

ती सगळं टिपत होती. तो उंबऱ्याबाहेर चपला ओळीनं ठेवायचा. बोलावल्याशिवाय आत यायचा नाही. गरम घास स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा आणि मग पोरीपुढं करायचा. ऋतुजानं हात धरला तरच तिचा हात धरायचा. एवढं बारीक बघायची तिला गरज नव्हती. पण मंगळवारी तिची साडी मात्र इस्त्रीची असायची, आणि नागव्वा ते बघून नुसती खाकरायची.

भाकरी मात्र ऋतुजा शिवत नव्हती. जपान खाल्ला, इजिप्त खाल्ला, घरची कडक भाकरी पुढं केली की तोंड फिरवायची. “नको. उरलेली असते.”

एका मंगळवारी त्याला यायला उशीर झाला. ऋतुजा गणवेश घालून उंबऱ्यावर बसून होती. रिक्षावाले मामा भोंगा वाजवत होते, तरी उठेना. “काका येणार म्हणाले होते,” एवढंच पुन्हा पुन्हा. हाच उंबरा, हीच पोरगी... इथं आल्याच्या पहिल्या वर्षी पप्पांच्या रविवारची वाट बघत अशीच बसायची ही. येतो म्हणायचे. यायचे नाहीत. मग पोरीनं विचारणंच सोडून दिलं होतं.

ऋतुजा रडत रिक्षात बसली आणि गल्लीच्या तोंडाशी अमरेश धापा टाकत येताना दिसला. “गाडी पंक्चर झाली, तिथून पळतच—”

“यापुढं येऊ नका,” दानेश्वरी म्हणाली.

“...का?”

“जग सगळं फिरवून आणलंत तिला. भाकरी तिथल्या तिथंच राहिली आणि भलतंच काही सुरू झालं. ती तुमची वाट बघायला लागलीय. तुम्हाला ठाऊक नाही, वाट बघणारं लेकरू काय असतं ते. उद्या तुमची बदली होईल, मन भरेल, लग्न ठरेल... मला पुसत बसावे लागतात ते डोळे.”

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. मग अगदी हळू विचारलं, “आणि तुम्ही? तुम्ही बघता का वाट?”

“मला कामं असतात,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. दाराला पाठ लावून उभी राहिली. तो गेल्याचा पायरव लवकर आला नाही. आला तेव्हा वाटलं, आणखी थोडा उशिरा आला असता तर...

“शहाणी!” नागव्वा चुलीकडूनच म्हणाली. “चांगल्या माणसाला हाकलायला कॉलेजात शिकलीस व्हय?”

*

पुढचा मंगळवार उजाडला तो रिकामाच. ऋतुजानं काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं. दानेश्वरीनं संतापानं, कुणावरच्या ते तिलाही सांगता आलं नसतं, डब्यात कडक भाकरीचे तुकडे घातले, वर शेंगाची चटणी आणि दह्याची छोटी डबी. तसाच परत येणार तर येऊ दे. आमचं आहे ते हे आहे.

चार वाजता ती कारखान्यातून सुट्टी मागून घरी आली. रिक्षा थांबली. तिनं आधी डबा घेतला, मग पोरीकडे बघितलं. डबा हलका होता. उघडला... चटणीचा कणही नव्हता.

“खाल्लीस?” तिनं विचारलं.

“नाही!” ऋतुजा पाय आपटत किंचाळली. कान लाल, वेण्या सुटलेल्या. “काकांनी खाल्ली! मधल्या सुट्टीत शाळेत आले. बाईंना विचारून वर्गात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, मी लहानपणापासून हीच न्याहारी खातो आणि मला उगाच लाज वाटायची. मग माझ्या बाकावर बसले. एवढुसा बाक आमचा, गुडघे वर आले त्यांचे. म्हणाले, ऋतुजा, एक तुकडा देतेस का? मी दिला. कडाड्कन वाजला! सगळे हसले, तर ते पण हसले, आणि अजून जोरात वाजवून खाल्ला. मग माझ्या शेजारच्या संगमेशनं मागितला, मग सगळ्यांनीच... मम्मी, माझ्या डब्यातली होती ना ती? मला एकच तुकडा उरला! माझी भाकरी, आणि मला एकच!”

दानेश्वरीला हसू आलं, रडू आलं, काय आलं ते कळेना. नागव्वानं अख्खी भाकरी काढून नातीच्या हातात ठेवली. ऋतुजा उंबऱ्यावर बसून रागारागानं ती मोडायला लागली. कड्... कड्... गल्लीभर ऐकू जाईल असं.

“आणि काका आलेत,” भरल्या तोंडानं ती म्हणाली. “रिक्षाच्या मागं मागं. कोपऱ्यावर उभे आहेत. मी म्हटलं चला, तर म्हणाले, मला यायची बंदी आहे.”

दानेश्वरी चप्पल न घालताच निघाली.

तो पानपट्टीशेजारी उभा होता. टाय नव्हता. शर्टावर चटणीचा लाल डाग.

“लहान पोरीच्या डब्यातलं खाता? लाज वाटत नाही?” ती गरजली. पानपट्टीवाल्या धोंडप्पानं कात लावता लावता मान वर केली.

“खरंच नाही वाटली,” तो म्हणाला. “पहिल्यांदाच.”

“मला विचारून जायचं होतं.”

“तुम्ही नको म्हणाला असता.”

“म्हटलंच असतं! ते तिच्यावर हसले असते तर? तुम्ही निघून गेला असतात आणि—”

“मी निघून जात नाही, दानेश्वरी.” पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली, आणि तीही रस्त्यात. “तेवढंच सांगायला उभा आहे. आत यायची परवानगी नसेल तर मंगळवारी इथं उभा राहीन. पण उशीर झाला तर पळत येईन, आणि यायचं नसेल तर आदल्या दिवशी कळवीन. तिलाही... आणि तुम्ही बघत असाल, तर तुम्हालाही.”

तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढला. डोळे भरले होते, आणि त्याचाही तिला रागच आला.

“ऋतुजा मंगळवारची वाट मंगळवारी सकाळी बघते,” ती म्हणाली. “मी... मी बुधवारपासून बघायला लागते. कारखान्यात आकडे चुकतात माझे. ह्याला तुम्ही जबाबदार आहात. कळतंय का?”

“कळतंय,” तो म्हणाला.

“अगं दानव्वा!” दारातून नागव्वाची हाक आली. “रस्त्यात काय भांडताय? आत बसून भांडा की! चहा गार होतोय.”

“भांडत नाही हो आम्ही,” अमरेश घाईनं म्हणाला.

“भांडतोच आहोत!” दानेश्वरी त्याच्याकडे बघतच म्हणाली. मग वळली, दोन पावलं गेली, आणि तो हलत नाही असं बघून थांबली. “चला. आणि अव्वाला आजच सांगून टाका... हे भांडण आता आठवड्यातून एकदा भागायचं नाही. रोज सकाळी लागेल मला.”