शेवटच्या गाडीच्या मागे

तो पंखा बंद करा आधी, फार कुरकुरतो. आणि मध्येच शंका काढायच्या नाहीत. ज्याला पटणार नाही त्याने खुशाल झोपावं. ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या शेजारच्या गाळ्यात किल्ल्या करायचा, म्हणून सांगतोय.

कुलूपवाला म्हणायचे त्याला सगळे. आगापीछा नसलेला माणूस. घरी वाट बघणारं कोणी नाही, त्यामुळे दुकान बंद केलं की मोटारसायकलवाल्यांच्या मंडळात जाऊन बसायचा. त्या वर्षी निवडणूक होती आणि एका उमेदवाराने शब्द दिला होता, निवडून आलो तर हेल्मेटची सक्ती काढून टाकतो. झालं, मंडळाच्या अंगात आलं. पत्रकं वाटा, झेंडे बांधा, रात्री फेरी काढा. घोषणा काय, तर 'डोकं आमचं, मर्जी आमची'. आता त्या डोक्यात काय होतं ते आपण विचारू नये.

फेरीचा एक नियम होता. सगळ्यात मागे एक भरवशाचा माणूस ठेवायचा. त्याने पुढचे लाल दिवे मोजत राहायचं आणि कोणी मागे पडला तर थांबायचं. ते काम कुलूपवाल्याकडे होतं.

पहिल्याच फेरीत त्याने ते सोडलं. पुढे फोटो काढत होते, कोणीतरी ओरडलं, "अरे, तूही ये की!" याला कोण कधी बोलावतं? गेला पुढे. मागे राहिला पंपवाला. पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, देवमाणूस. वळणावर घसरला, आणि डोक्यावर काही नव्हतं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना मेलेलाच सापडला.

मंडळाची बैठक बसली. बातमी फुटली तर निवडणूक बुडाली, म्हणून ठरलं की तो आपल्या फेरीत नव्हताच. त्याच्या बायकोला हे सांगायला पाठवलं कुलूपवाल्यालाच. मोजणारा तोच ना.

"वहिनी, तो आमच्यात नव्हता."

"मग भावोजी, एवढ्या रात्री त्या रस्त्याला ते कुठे निघाले होते?"

उत्तर गल्लीने शोधलं. बाई असणार कोणीतरी, म्हणाले. मारणाऱ्याचा हात धरवतो, बोलणाऱ्याचं तोंड धरवत नाही. वहिनीकडे लोकांनी येणंजाणं सोडलं. याला सगळं दिसत होतं, पण खरं बोलला असता तर मंडळ तुटलं असतं, आणि मंडळाशिवाय त्याला होतं कोण?

शेवटची फेरी गुरुवारी होती, मतदानाला तीन दिवस उरले होते. रात्री सव्वादहाला चौदा गाड्या निघाल्या. तेरा पुढे, चौदावा हा. गाव मागे पडलं. त्याने दिवे मोजले, तेरा. पुन्हा मोजले, तेरा. मग सहज आरशात पाहिलं.

मागे एक दिवा होता.

असेल कोणी वाटसरू, पुढे जाऊ दे, म्हणून याने वेग कमी केला. दिवाही हळू झाला. हा थांबला. तो थांबला. इंजिनाचा आवाज... नव्हता.

तेच वळण होतं.

पुढचे तेरा दिवे लांब गेले. लहान झाले. मग दिसेनासे झाले. मागे एक माणूस राहिलाय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही, पोरांनो. त्याला रडू फुटलं. इतकं एकटं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आणि मग कळलं, पंपवाल्यालाही असंच वाटलं असणार. आडवा पडून. दिवे जाताना बघत.

वळून बघायची छाती झाली नाही. समोर बघूनच बोलला.

"होतास तू. आमच्यात होतास. मीच..."

दिवा तसाच.

"आत्ता जातो. वहिनीला सांगतो."

गाडी वळवली. समोर रस्ता रिकामा. पण निघाला तसा आरशात पुन्हा... वहिनीच्या घरापर्यंत.

पावणेअकरा झाले होते. फाटकाबाहेर गाडी लावून हा धावतच अंगण ओलांडून गेला आणि दार वाजवलं. वहिनी जागीच होती. याने उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं, फोटोचं, बैठकीचं, सगळं. "तो कुठेही गेला नव्हता, वहिनी. आमच्याबरोबर होता. मी टाकून आलो त्याला."

ती म्हणाली, "हे चौकात सांगाल?"

"सांगतो."

"मंडळ ठेवणार नाही तुम्हाला."

"नको ठेवू दे."

सांगितलंही त्याने, दुसऱ्याच सकाळी, मी तिथे होतो. मंडळाने त्याला दारात उभं केलं नाही पुन्हा. उमेदवार आला की पडला ते विचारू नका, तो विषय वेगळा.

त्या रात्री तो निघाला तेव्हा वहिनी बॅटरी घेऊन पायरीपर्यंत आली. नळ गळून गळून अंगणात चिखल झालेला. झोत खाली पडला. याची येतानाची पावलं उमटली होती, आणि त्या पावलांवरून गेलेली... चाकाची रेघ. ताजी. पंपवाल्याची गाडी तर महिनाभर पोलिसांच्या आवारात पडून होती.

रेघ फाटकातून आत आलेली. पायरीपर्यंत.

"रोज इथेच लावायचे," वहिनी म्हणाली.

बाहेर जाणारी रेघ नव्हती.