बाटलीच्या तळाशी

नृत्यशिक्षिका व्यायामशाळेच्या काउंटरसमोर कोसळली, तेव्हा तिच्या हातातला ग्लास रिकामा होता. डॉक्टरांनी तिचं बिथरलेलं हृदय कसंबसं ताळ्यावर आणलं. रक्ताच्या तपासणीत कारणही सापडलं. कॅफीन, आणि तेही भलतंच जास्त.

दुसऱ्या दिवशी अन्नतपासणी खात्यातली तरुण अधिकारी तिथे पोचली, तोवर खापर फोडून झालं होतं. काउंटरवरच्या काकूंच्या डोक्यावर. चहाचा पाला उकळून ‘नैसर्गिक ताकदीचा अर्क’ त्याच करायच्या. पाल्यात कॅफीन असतंच. काकूंनी तो जास्त घातला, असं मालकांनी सगळ्या सभासदांसमोर सांगून टाकलं होतं. कबुलीचा कागदही तयार होता. काकू सही करत नव्हत्या.

“सही केली तर पोलीस माझ्या दारात. नाही केली तर नोकरी जाणार,” त्या म्हणाल्या. “जाऊ दे. न केलेल्या चुकीवर मी नाव घालणार नाही.”

अधिकारी एकेकाला विचारू लागली. काकू अर्क बाटल्यांत भरण्याआधी भांड्यातूनच स्वतःसाठी कपभर काढून घ्यायच्या आणि दुपारी ढाराढूर झोपायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावरून तिथला व्यायामाचा कोच त्यांची थट्टाही करायचा. हा कोच मोठा लाघवी होता. कढत बाटल्या काकूंनी कशाला उचलायच्या, मीच नेऊन ठेवतो, असं त्याने आपणहून सांगितलं. त्याचे वर्ग हल्ली तुडुंब भरत होते. अर्क पिऊन कुणाची झोप उडायची, कुणाची छाती धडधडायची, पण सगळे त्याला ताकद म्हणायचे. मालकांनी कौतुकाने नवा फ्रीज दाखवला. आठवड्यापूर्वी तो येईपर्यंत बाटल्या फडताळातच असायच्या.

नृत्यशिक्षिकेला दिलेला ग्लास बाटलीतला शेवटचा होता. ती बाटली अजून फ्रीजमध्येच होती. अधिकारी ती उजेडात धरून पाहू लागली. तळाला पांढरं काहीतरी चमकत होतं.

“साखर,” कोच म्हणाला.

तिने मान हलवली, बाटली ताब्यात घेतली, भांड्यात उरलेल्या अर्काचा नमुना घेतला आणि प्रयोगशाळा गाठली.

सायंकाळी खात्यातल्या साहेबांचा फोन आला. अर्क पाल्याचा, कॅफीन पाल्यातलं, काउंटरवरच्या बाई सही करतील, प्रकरण मिटवा. तिने शांतपणे सांगितलं की बाई सही करणार नाहीत आणि अहवालावर तीही करणार नाही.

सकाळी मालकांच्या खोलीत तिने मालक, कोच आणि काकू अशा तिघांना बसवलं. ती बाटली टेबलावर ठेवली, तळात थोडं पाणी घातलं आणि बाटली कढत पाण्याच्या पातेल्यात उभी केली. पांढरं चमकणारं नाहीसं झालं. मग बाटली बर्फात ठेवली. बऱ्याच वेळाने तळाशी बारीक सुया पुन्हा उगवल्या.

“ही साखर नाही, कॅफीन आहे,” ती म्हणाली. “गरम पाण्यात पुष्कळ मावतं, थंडीत मावत नाही. जास्तीचं तळाला बसतं. फडताळात बाटलीभर सारखं पसरलेलं असायचं, म्हणून नुसती छाती धडधडायची. फ्रीज आला आणि बाटलीभर विष शेवटच्या ग्लासात गोळा झालं.”

“पण ते पाल्यातलंच ना?” मालक म्हणाले. “नैसर्गिक आहे.”

“शरीर ते कुठून आलं हे विचारत नाही, किती आलं ते बघतं. आणि पाला कितीही उकळलात तरी इतकं उतरत नाही. पाल्याचा गाळ तपकिरी, चिखलासारखा असतो. या पांढऱ्याशुभ्र सुया आहेत. कुणीतरी शुद्ध पूड घातली आहे.”

कोचने काकूंकडे बोट केलं.

“काकूंच्या भांड्यातला अर्क मी तपासला. फिका चहा. म्हणून तर तो पिऊन त्यांना झोप लागते. म्हणजे पूड पडली ती भांड्यानंतर आणि फ्रीजच्या आधी. तेही अर्क कढत असताना. पण इतकी पूड विरघळवायची तर कुणीतरी अर्धा तास ढवळत बसलं असणार. एवढा वेळ कुणाला होता, तेवढंच मला कळत नाही.”

“अर्धा तास कशाला?” कोच फणकारला. “कढत असलं की दोन हेलकाव्यांत विरघळतं.”

कोचने ओठ मिटले, पण उशीर झाला होता.

“नुसती पुस्तकं वाचून हे कळत नाही,” अधिकारी म्हणाली. “कढत बाटलीला हेलकावे देणाऱ्यालाच कळतं. आणि कढत बाटल्या रोज तुम्हीच उचलता, हे तुम्हीच मला सांगितलंत.”

मालकांचा चेहरा उतरला. कोच पुटपुटला की लोकांना जोर यायचा, वर्ग भरायचे, कुणाला मारायचं नव्हतं. नृत्यशिक्षिकेच्या हृदयाने ते ऐकलं असतं का, असं तिने विचारलं. मग बाहेर थांबवलेल्या पोलिसांना आत बोलावलं.

कोचला नेल्यावर मालकांनी दार लोटलं, कबुलीचा कागद फाडला आणि काकूंचा हात धरून म्हणाले, “चुकलं माझं. झालं गेलं विसरा. उद्यापासून या.”

काकूंनी हात सोडवून घेतला.

“बंद दाराआड नको,” त्या म्हणाल्या. “मला चोरासारखं उभं केलंत ते सगळ्यांसमोर.”

त्यांनी दार सताड उघडलं. बाहेर सभासदांचा व्यायाम चालला होता. काकूंनी भिंतीवरचं बटण दाबून संगीत बंद केलं, मालकांसाठी वाट मोकळी केली आणि म्हणाल्या, “बोला आता. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.”