गाण्यातली कुकरची शिट्टी

“अंकल, ही गाणी तुम्ही कुठून ढापलीत?”

नेटवर सीडी विकणाऱ्या माणसासाठी चॅटमध्ये एवढंच टाइप केलं होतं, पण यशोधराचं बोट एंटरवर अडून बसलं.

“टरकलीस ना?” विक्रांत खिदळला. “पैज लावताना केवढी ऐट होती!”

“दाबतेस की मी दाबू?” अंजनीने खुर्ची पुढे ओढली.

टक्! अंबरनाथच्या शिवमंदिराजवळच्या त्या सायबर कॅफेत तिघांचीही डोकी पडद्यावर वाकली.

भानगड कालच सुरू झाली होती. यशोधराची कौसाआत्या म्हणजे मोरिवलीच्या भीमगीतं गाणाऱ्या गायनपार्टीचा खणखणीत आवाज! बुद्धपौर्णिमेला तिची पहिलीवहिली सीडी निघणार होती. पण उल्हासनगरच्या ज्या दुकानदाराने ती काढायचं कबूल केलं होतं, त्याने हात झटकले. “मावशी, तुमचे गाने तो नेट पे बिक रहे हैं! आता तुमची सीडी कोण घेणार?”

आत्या घरी आली ती न जेवताच झोपली.

तिघांनी अंजनीच्या भावाकडून नेटवरच्या त्या सीडीची साधी कॉपी मिळवली आणि लावली. आत्याचा आवाज वर चढला आणि मधेच कुकरची शिट्टी! पाठोपाठ यशोधराच्या आईची हाक, “यशे, गॅस बंद कर गं!”

म्हणजे ही यशोधराच्या घरातली तालीम होती! बाबांनी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलेली! मग ती बाहेर गेली कशी?

“कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तो राजेश!” विक्रांतने निकालच देऊन टाकला. “गळ्यात पेनड्राइव्ह घालून हिंडतो!”

“चूप! उत्तर आलं!” अंजनी ओरडली.

पडद्यावर अक्षरं उमटली : “चोरी कैसी, बेटा? लोग खुद भेजते हैं! नया माल दो, दूसरी सीडी फ्री लो!”

“माल?” यशोधराने तोंड वाकडं केलं. “शी! आत्याचं गाणं म्हणजे माल? किळस येते या माणसाची!”

“त्याला अजून चिडव,” विक्रांत कुजबुजला. “चिडला की बोलेल!”

“खोटं! तुम्हीच चोर!” यशोधराने धडाधड टाइप केलं.

विक्रेता खरंच चिडला. “अंबरनाथ के एक साहब ने भेजा! बदले में डान्स वाली सीडी ले गए, बेटी के बर्थडे के लिए! मेरी हर सीडी पे हरा तोता रहता है. देख लो!”

विक्रांतचं हसू मावळलं. अंजनीने हळूच यशोधराचा हात धरला.

हिरवा पोपट चिकटवलेली ती सीडी यशोधराच्या घरी टीव्हीवर होती. तिच्या वाढदिवसाला बाबांनी दिलेली. रोज संध्याकाळी त्याच गाण्यांवर ती नाचत होती!

ती तडक घरी गेली. आई-बाबा आणि आत्या चहा घेत होते. पोपटवाली सीडी तिने बाबांच्या कपासमोर आपटली.

“बाबा, ही घ्यायला तुम्ही आत्याची गाणी दिलीत?”

बाबा गडबडले. “अगं, सगळेच करतात! एक कॉपी तर दिली. आत्याचा आवाज आत्याकडेच आहे की!”

“आणि आत्याची सीडी? ती कुठाय?”

“तुझ्यासाठीच तर...”

“माझं नाव घेऊ नका! शिसारी येते मला!”

“अहो, तिला विचारायचं तरी!” आई म्हणाली.

आत्याने कप खाली ठेवला. “दादा, मागितलं असतंस, तर यशीच्या वाढदिवसाला मी रात्रभर गायले असते.” बाबांची मान खाली गेली. मग दारात घुटमळणाऱ्या विक्रांत-अंजनीकडे वळून आत्या म्हणाली, “शाब्बास रे पोरांनो! मला वाटलं, नेटचा नुसता बहाणा, दुकानदाराला माझी गाणीच आवडली नाहीत. केवढं ओझं उतरवलंत!”

यशोधराने डोळे पुसले आणि ताठ उभी राहिली.

“आई, बाबा, ऐका. पौर्णिमेच्या कार्यक्रमात आत्या नवं गाणं गाणार आणि मागे कोरसला मी. त्याआधी माइकवर सांगणार, आत्याची गाणी आमच्याच घरातून गेली. विचारत नाहीये, ठरवलंय! आणि बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं.”