रामकिशन डायव्हरची उतरंड

बसा. वादळानं गेलेली लाईट काही लवकर येत न्हाई. अंधारात तुमचं फिजिक्स तरी काय होणार? फरहान, ती सतरंजी इकडं ओढ. ज्योत्स्ना, तू भिंतीला टेकून बस, म्हणजे पाठीमागं कोण आहे म्हणून सारखं वळावं लागणार न्हाई.

भुताची गोष्ट पाहिजे म्हणता. मी भांडेवाला माणूस. सगळा जन्म लातुरात स्टील विकलं आणि रुखवताच्या ताटांवर नावं कोरली. माझ्याकडं गोष्ट असली तर ती पेल्यांचीच असणार. अर्धी मी डोळ्यानं पाहिलेली. अर्धी ज्याच्यावर गुदरली, त्यानं माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलेली.

त्र्याण्णवची दिवाळी जवळ आली होती. भूकंपाला महिना-दीड महिना झाला होता, आणि सगळं लातूर अजून घराबाहेर झोपत होतं. दुकानात गिऱ्हाईक न्हाई. तेवढ्यात रामकिशन आला, एसटीचा डायव्हर. म्हणाला, "अप्पा, पेले दाखव. सरळ बुडाचे. एकावर एक ठेवले तर घसरणारे."

मी हसलो. "अहो, लोक घट्ट बसणारे मागतात."

"मला पडणारे पायजेत."

मग त्यानं सांगितलं. त्याची मुलगी धुरपता औशाच्या पलीकडं दिली होती, भूकंपाच्या पट्ट्यात. नवरा, सासू, सासरा, सगळे मातीखाली गेले. तिला बापानं स्वतःच्या हातानं उकरून काढलं आणि घरी आणलं. पण पोरीला डोळा लागंना. पुन्हा हलेल, आणि आपण झोपेत असू, ही भीती. म्हणून बापानं ही युक्ती काढली. तिच्या उशाशी खिडकीत पेल्यांची उतरंड रचायची. जमीन जराशी जरी हलली, तरी पेले खणखणत पडतील आणि जाग येईल.

त्या दिवसापासून रोज रात्री रामकिशन एकेक पेला खांद्यावरच्या पंच्यानं पुसायचा आणि दुसऱ्यावर पालथा घालायचा. शेवटचा ठेवला की म्हणायचा, "झोप आता. मी हाय." मग पोरगी झोपायची.

हे एक-दोन महिने चाललं असं समजू नका. रामकिशन मरेपर्यंत चाललं.

मरायच्या आधी त्यानं मृत्युपत्र केलं. साक्षीदार मी. पुढचं घर मुलाचं, म्हणजे रविकांतचं. मागच्या दोन खोल्या धुरपताच्या. आणि हे सगळं पार पाडायची जबाबदारी रविकांतवर. वकील म्हणाला, "म्हणजे तू एक्झिक्युटर."

रविकांतनं विचारलं, "म्हणजे काय करायचं?"

वकिलाच्या आधी म्हातारा बोलला. "म्हणजे मी गेल्यावर माझा हात तू. अक्काच्या खोल्या अक्काच्या नावावर करायच्या. आणि पेले रचायचे."

रविकांतनं बापाच्या पायावर हात ठेवला. मी तिथंच होतो. रविकांत वाईट पोरगा न्हवता. धुरपतानंच त्याला कडेवर खेळवलेलं, तिनंच त्याच्या शाळेचे डबे केलेले. बाप गेल्यावर रोज रात्री तो मागच्या खोलीत जायचा, पेले रचायचा, "झोप, अक्का" म्हणायचा. मला कौतुक वाटायचं. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मी त्याचं उदाहरण द्यायचो.

पण तोवर लातूरचं रूप पालटलं होतं. जिल्ह्याजिल्ह्यांतून तुमच्यासारखी पोरं डॉक्टर व्हायला येऊ लागली. जिथं बैल बांधत तिथं होस्टेल झाली. एका बिल्डरला ती जागा पाहिजे होती, पण पुढची-मागची सगळी मिळून. मागच्या खोल्यांशिवाय त्याच्या कामाची न्हवती.

रविकांत बहिणीला म्हणाला, "अक्का, चल रजिस्ट्रीत. खोल्या तुझ्या नावावर करून टाकू. बाबांचं तेवढं काम राहिलंय."

तिनं नवं लुगडं नेसलं. जाताना माझ्या दुकानात पेढा देऊन गेली. भावानं बोट ठेवलं तिथं सही केली.

ते हक्कसोडपत्र होतं.

तिला कळलं ते येळवस सणाच्या चार दिवस आधी, खोल्या रिकाम्या करायचा निरोप आला तेव्हा. भांडली न्हाई. रडली न्हाई. पेले पोत्यात भरले, बोचकं बांधलं आणि निलंग्याच्या एसटीत बसली, मावसबहिणीकडं. आणि मी? मी साक्षीदार होतो. मी रविकांतला गाठून विचारलं, तर म्हणतो, "अप्पा, कागद पक्का हाय." त्याचं उदाहरण मी किती जणांना दिलं होतं रे...

आता नीट ऐका. दोन हजार अकरा सालची येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. फरहान, तुमच्या धर्माबादकडं येळवस करत न्हाईत, म्हणून सांगतो. त्या दिवशी लातूर ओस पडतं. सगळी दुनिया शेतात भज्जी खायला, आंबील प्यायला जाते. रविकांतची बायकापोरं शेतातच मुक्कामी होती. तो एकटा परत आला, कारण सकाळी किल्ली द्यायची होती, आणि तोवर ताबा सोडू नको म्हणून बिल्डरनं बजावलं होतं.

पुढच्या खोलीत त्यानं बाज टाकली. मागच्या खोलीला कुलूप घातलं. आत काही न्हवतं. झाडून काढलेली फरशी, बस्स. अकराच्या सुमाराला लाईट गेली. गल्लीत एक माणूस न्हाई. कुत्रंसुद्धा न्हाई, तीही शेतात गेल्यासारखी.

त्याचा डोळा लागला.

आणि मग...

टिक.

स्टीलवर स्टील ठेवल्याचा आवाज. हलका. मागच्या खोलीतून.

"उंदीर असेल, अप्पा."

त्यालाही तेच वाटलं, फरहान. तो कूस बदलून पडला. जरा वेळानं कापडाचा आवाज आला. फस्... फस्... आणि मग टिक.

उंदीर पुसून ठेवतो का रे?

ज्योत्स्ना, हसू नको. तो हसला न्हाई.

फस्... फस्... टिक.

त्यानं तोंडावर गोधडी ओढली. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. लहानपणापासून ऐकलेला. घाई न्हाई. एक पुसायचा. एक ठेवायचा. उतरंड उंच होत चालली होती. तो मनात वाट बघत होता. आता शेवटचा ठेवतील. आता म्हणतील... झोप आता, मी हाय... तेवढं म्हणाले की संपलं.

टिक.

मग काहीच न्हाई.

बराच वेळ काहीच न्हाई.

"बाबा?" तो म्हणाला.

...

"बाबा, बोला की."

...

आणि उतरंड कोसळली.

सगळे पेले. खणखणत. फरशीभर. तो उठून बसला. बाज हलत न्हवती. जमीन हलत न्हवती. दारावरची कडीसुद्धा वाजली न्हवती. आवाज घरंगळत घरंगळत थांबला.

अंधार.

मग...

फस्... फस्...

मागच्या खोलीत न्हाई.

त्याच्या उशाशी.

टिक.

माझ्या दुकानाच्या वरच मी राहतो. पहाटे शटर वाजलं म्हणून खाली आलो, तर रविकांत पायरीवर. अनवाणी. मी चहा दिला, तर पेला हातात घेईना. "अप्पा, कपात द्या. कपात."

उजाडल्यावर आम्ही दोघं गेलो. कुलूप होतं तसंच. मीच उघडलं. आत काही न्हवतं. पेला न्हाई, पंचा न्हाई. झाडलेली फरशी.

तरी त्यानं किल्ली दिली. हो. दिली. मला वाटलं होतं देणार न्हाई.

होस्टेल उभं राहिलं. रविकांतनं नांदेडला पाचव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वर्षभरानं माझ्याकडं आला. ओळखू येईना. डोळे खोल गेलेले. म्हणाला, "अप्पा, निलंग्याला चला. मी एकटा गेलो तर अक्का दारात उभं करणार न्हाई."

धुरपतानं दारात उभं केलं, आतही घेतलं. शाळेत खिचडी शिजवायचं काम करत होती. अंगानं भरली होती. त्याच पेल्यांतून आम्हाला पाणी दिलं. मीच विकलेले, सरळ बुडाचे. बाकीचे सगळे तिथं फळीवर होते. मी प्यालो. रविकांत पेल्याकडं बघत राहिला.

"अक्का, चुकलं माझं. फ्लॅट तुझ्या नावावर करतो. उद्याच चल रजिस्ट्रीत."

ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "का? अजून एक सही राहिली का माझी?"

तो खाली बघून रडायला लागला. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "धुरपता, रात्री पेले कोण रचतं आता?"

"कुणी न्हाई, अप्पा. येळवस झाली अन् मला गाढ झोप लागाया लागली. भ्याव न्हाई, काय न्हाई." मग भावाकडं वळून, अगदी मायेनं म्हणाली, "बाबा आता तुझ्याकडं असत्यात ना?"

आम्ही उठलो.

त्याच्या नांदेडच्या घरी मी एकदाच गेलो. रविकांतच्या बायकोनं चहा कागदी कपात दिला. घरात स्टीलचं एक भांडं न्हवतं. सगळं काच, प्लास्टिक, कागद. रविकांत मला आतल्या खोलीत घेऊन गेला. पलंगाच्या उशाशी खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर काळा गुळगुळीत दगड बसवलेला.

त्याच्यावर ओला गोल उमटला होता.

पेला पुसून ठेवल्यावर बुडाचा उमटतो तसा. माझ्या हातून आयुष्यभर पेले गेलेत. ते बूड मी ओळखतो.

रविकांतनं फडकं घेतलं आणि पुसलं. दगड कोरडा झाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. थांबा, म्हणून हात केला.

आम्ही दोघं पलंगावर बसलो. मी चहा संपवला. कप खाली ठेवला.

मग दगडाकडं पाहिलं... ओला गोल परत तिथंच होता.