काळ्या लोकरीची गाठ

मंद्रूपच्या पुढं सात किलोमीटरवर आमचा सोलर प्रकल्प आहे. माळाला कुंपण, आत पॅनेलच्या रांगा आणि मधोमध सहा पांढरे कंटेनर. कंटेनरांत बॅटऱ्या. दिवसभर साठवलेली वीज संध्याकाळी आसपासच्या वस्त्यांना जाते. मी शिवलीला, इथली इंजिनिअर. माझा स्वभाव नियमाचा. मॅडम चहासुद्धा घड्याळ लावून उकळतात, असं संगमेश म्हणतो. संगमेश आमचा टेक्निशियन, अक्कलकोटचा. आम्ही दोघंही घरी कानडी, शाळेत मराठी. कामावर दोन्हींची मिसळ चालते.

पॅनेलखालचं गवत बिरप्पांची मेंढरं खायची. माळाचा बराच भागही त्यांचाच, प्रकल्पाला भाड्यानं दिलेला. मेंढरं आत सोडली की बिरप्पा कुंपणाच्या फाटकाला दोरी बांधायचे. काळ्या लोकरीची, मेंढरांमागं चालता चालता टकळीवर कातलेली. गाठ डाव्या हाताची, चमत्कारिक. शेवटचं कोकरू बाहेर आलं की एका ओढीत सुटायची. त्याआधी ती सोडवायचा मी दोनदा प्रयत्न केला होता आणि नख मोडून घेतलं होतं.

एकदा मी त्यांना आमचं कुलूप दाखवलं. कंटेनरमध्ये कामाला जाणारा माणूस फाटकालगत बाहेर असलेल्या पॅनेलरूममध्ये, करंट चालू-बंद करणाऱ्या ब्रेकरच्या दांड्याला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. तो बाहेर येईपर्यंत आत करंट सोडता येत नाही.

बिरप्पा हसले. “मंजी तुमचं कुलूप आन् माजी गाठ येकच की मॅडम. आत कोनतरी हाय, येवडंच सांगायचं.”

माघात ते गेले. दोरी त्यांच्या कमरेला होती, ती तशीच ठेवून त्यांना माती दिली. मग त्यांची बायको म्हाळसाबाई एकटीच मेंढरं आणू लागली. पूर्वी ती पुढं चालायची आणि बिरप्पा मागून जीभ टाळूला लावून टक्‌टक् करत हाकायचे. आता मागं कुणी नसे.

फाल्गुनापासून मेंढरं दुपारी तीन नंबरच्या कंटेनरपाशी गोळा व्हायला लागली. गोल करून उभी राहायची, पण मधली माणूसभर जागा मोकळी सोडून. पॅनेलच्या रांगांतून अधूनमधून टक्‌टक् ऐकू यायचं. तापलेलं लोखंड वाजतंच, असं मी संगमेशला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं.

चैत्रातली दुपार. तीन नंबरमध्ये केबल सैल झाली होती. मी ब्रेकर खाली ओढला. संगमेशचं कुलूप स्टोअरमध्ये राहिलं होतं. त्याच्या बायकोला, दानेश्वरीला, सातवा महिना लागलेला. डॉक्टरकडं न्यायचं म्हणून तो घाईत होता.

“पाच मिनिटांचं काम हाय मॅडम. तुमी हितंच हाय की.”

मी हो म्हणाले. नियमाची मी, हो म्हणाले.

पॅनेलरूमच्या दारातल्या खुर्चीवर मी वॉकीटॉकी घेऊन बसले. दहा मिनिटांनी त्यातून संगमेशचा आवाज आला, “हाक! हाक की!”

कानडीत दिवा लावायचा, बटण चालू करायचं, तर ‘हाक’ म्हणतात. मी करंट सोडायला उठले. संगमेश मला नेहमी ‘हाक्री’ म्हणतो, आदराचा ‘री’ लावल्याशिवाय तो माझ्याशी कधी बोललेला नाही. तेव्हा ते ध्यानात आलं नाही.

दांड्याला हात घातला आणि बोटांना लोकर लागली.

काळी दोरी. तीन वेढे आणि ती गाठ.

कोणी ही थट्टा केली म्हणून मी आधी चिडलेच. नखांनी गाठ उकलायला लागले. ती हलेना. दोरीला मेंढरांचा तेलकट वास होता आणि पिळात माती होती. ओली, काळी माती. दिवाळीनंतर आमच्याकडं पावसाचा थेंब पडला नव्हता.

वॉकीटॉकी पुन्हा खरखरला. “मॅडम, काय करू नका हं! माझे हात अजून आतच हायत. म्हाळसामावशीला मेंढरं हाक म्हणत होतो, ह्याचं बटन दाबलं गेलं.”

मी तिथंच खाली बसले.

दहा मिनिटांपूर्वी तोच दांडा मी ओढला होता. त्याला काही नव्हतं. खोलीला दार एकच आणि त्या दारात मी होते.

संगमेश बाहेर आला, हात पुसत, धडधाकट. त्याला बघून मला रडू फुटलं. त्याच्यामागून म्हाळसाबाई आली. तिनं दोरीला बोट लावलं आणि पदर डोक्यावर घेतला.

“त्येंचीच गाठ हाय.”

मी हात जोडले.

“मावशी, संगमेश बाहेर आला. आता सोडा ती.”

तिनं एक ओढ दिली. गाठ सुटली नाही. पुन्हा दिली. नाही.

“मंजी आत आजून कोनतरी हाय,” ती म्हणाली.

संगमेशनं सहाही कंटेनर उघडून पाहिले. मेंढरं फाटकाबाहेर काढली. कुंपणात कुणी नव्हतं. गाठ मात्र तशीच होती.

म्हाळसाबाई फाटकात जाऊन उभी राहिली. रिकाम्या कुंपणाकडं बघत हळूच म्हणाली, “धनी, समदी भाईर आली. पोरगं बी आलं. लई उपकार जाले. आता तुमी बी चला.”

मी पॅनेलरूममध्ये गाठ धरून होते, माझ्या हातात दोरी सैल पडली.

फाटकासमोरची मेंढरं बाजूला सरकली, माणूसभर. मग पुन्हा एक झाली.

म्हाळसाबाई वस्तीकडं निघाली, नेहमीसारखी पुढं. कळप तिच्यामागं. संगमेश आणि मी फाटकाशी उभे होतो. कळपाच्या मागं कुणीच नव्हतं. एक लंगडं कोकरू सारखं मागं राहत होतं, आणि दर वेळी टक्‌टक् झालं की मागं वळून वर बघायचं आणि पुढं पळायचं.