आधी समोरच्याची बाजू

आठवडाभर झड लागली होती. कॉलेजच्या पहिल्या तासाला ती आणि तो, दोघंही उशिरा पोचले, आणि वर्गात एकच बाक रिकामा — गळक्या खिडकीखालचा. तिनं भिजलेली छत्री मध्ये ठेवली.

"ही हद्द," ती म्हणाली.

"पुराव्याशिवाय संशय? तोही तर्कशास्त्राच्या वर्गात?" तो पुटपुटला. ती खुदकन हसली... आणि तिथंच फसली.

विषय होता तर्क आणि नीतिशास्त्र, वर्ष पहिलं. शिकवणाऱ्या बाईंचा नियम कडक होता : आक्षेप घ्यायचा, तर आधी समोरच्याची बाजू अशी मांडायची की त्यानं "मान्य" म्हटलंच पाहिजे. या नियमापायी दोघं तासन्‌तास भांडायचे. ती त्याला चष्मिष्ट म्हणायची, तो तिला वकीलसाहेब. त्याचा चष्मा नाकावर घसरला की ती आपले मुद्दे पार विसरायची, पण हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

मग एके सकाळी ताईचा फोन आला. भावोजी गेले. ताईच्या पदरात दोन लहान पोरं, कारखान्यात पाळीची नोकरी; ती कामावर गेली की पोरांना बघायला कुणी नाही. आईच्या मागे ताईनंच धाकट्या बहिणीला वाढवलं होतं. जायचं तर शिक्षण सुटणार... आणि तोही.

"मी चाललेय ताईकडे. कायमची," तास सुटल्यावर रिकाम्या वर्गात तिनं सांगून टाकलं. "घे आक्षेप." यानं आपल्याला आज हरवावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

त्यानं चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. "ताईनं तुझ्यासाठी स्वतःचं कॉलेज सोडलं. पोरांना आत्ता कुणीतरी हवंय, पदवी काय, पुढेही घेता येईल. आणि इथं राहिलीस, तर पुस्तक उघडताना दर वेळी तुला स्वतःची लाज वाटेल... बरोबर?"

इतकं नेमकं तिलाही सांगता आलं नसतं. "मान्य," ती म्हणाली. "आता तुझा आक्षेप?"

"होता ना. तू मला आवडतेस — हा. पण तुझी बाजू मांडता मांडता मलाच पटली."

"गाढवा, हरायचं होतं मला!" तिला रडू फुटलं.

"माहितीये. पण मग तू मला कधीच माफ केलं नसतंस."

"माझा एक मुद्दा तू मांडलाच नाहीस."

"कुठला?"

"मलाही तू..." त्यानं तिचा हात घट्ट धरला.

दुपारच्या गाडीनं ती गेली. आपलं चुकलं असं तिला वाटेत एकदाही वाटलं नाही, आणि म्हणूनच तिचं रडू थांबेना.